उन्हाळ्यासाठी आलेला नळ



मुंबईच्या विहार तलावावरचा आपला भाग आठवत असेल. १८६० साली विहारचं पाणी लोखंडी नळांतून मुंबईत आलं आणि विहिरी-तलावांवर जगणाऱ्या शहराची चाल बदलली, ती गोष्ट. त्या भागावर आलेल्या प्रतिक्रियांत एक पत्र लेहहून होतं. लिहिणाऱ्या बाई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, यजमान लष्करात. त्यांनी लिहिलं होतं, "सर, नळ आमच्याही घरात आहे. पण डिसेंबर ते मार्च तो भिंतीवरचा दागिना असतो. पाणी बादलीनेच आणायचं. ह्या नळाचाही काही इतिहास असेल तर सांगा."

आहे. आणि तो बराच जुना आहे.

आपण मराठी माणसं थंडीचा विचार स्वेटरच्या अंगाने करतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि आपण कौतुकाने पाहतो. तिथलं दव गोठतं, नळ गोठत नाहीत. पण आपली ही मालिका पाहणारे कितीतरी जण आज जम्मूत, डेहराडूनला, सिमल्यात, लडाखच्या छावण्यांत राहतात. काही जण तर टेक्सासात आणि टोरांटोत. त्यांच्यासाठी थंडी हा आधी पाण्याचा प्रश्न आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचा इतिहास नीट कळेल. जवळजवळ सगळे पदार्थ गोठले की आकसतात. पाणी उलटं वागतं. गोठताना ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. सतराव्या शतकात फ्लॉरेन्समधल्या अकादेमिया देल चिमेंतो या विद्वानांच्या मंडळाने धातूचे पोकळ गोळे पाण्याने भरून गोठवले आणि ते फुटताना पाहिले. १६६७ साली क्रिस्तियान हायगन्सने तोफेची लोखंडी नळी पाण्याने भरली, तोंड बंद केलं आणि थंडीत ठेवून दिली. नळी फाटली. पुढे १७८४-८५च्या सुमाराला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मेजर एडवर्ड विल्यम्स या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने तोफेचे पोकळ गोळे पाण्याने भरून, बूच ठोकून, रात्रभर बाहेर ठेवले. एका गोळ्याचं बूच चारशे फुटांहून लांब उडालं. दारूगोळ्याशिवाय, नुसत्या पाण्याने!

तोफेच्या गोळ्याची ही गत, तर आपल्या अर्ध्या इंची नळीचं काय?

पण इथे एक गंमत आहे. नळी बहुतेक वेळा बर्फ जिथे धरतो तिथे फुटत नाही. नळीत एके ठिकाणी बर्फाचं बूच तयार होतं आणि ते वाढत जातं. बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी अडकतं, ते अजून पाणीच असतं, पण त्याला जायला जागा नसते. बर्फ एखाद्या दट्ट्यासारखा त्याला दाबत राहतो. दाब किती चढू शकतो? पाण्याला उणे २२ अंशांपर्यंत गोठू द्यायचं नसेल, तर वातावरणाच्या दाबाच्या दोन हजार पट दाब लागतो. घरातल्या नळीची कुवत त्याच्या एका लहान अंशाएवढीच. कुठेतरी सांधा सुटतो किंवा नळीला उभी चीर पडते. त्या वेळी कळतही नाही, कारण बर्फाने वाट बंद केलेली असते. कळतं ते दुपारी, ऊन पडून बर्फ वितळल्यावर. म्हणून डोंगरातली माणसं म्हणतात की नळ रात्री फुटतो आणि दिवसा वाहतो.

हे ज्ञान नळ घालणाऱ्या लोकांकडे होतं का? होतं. तरीही नळ चुकीच्या जागी का घातले गेले, हाच आजच्या भागाचा खरा प्रश्न.

लंडनपासून सुरू करू, कारण आपल्याकडे नळ तिथूनच आला. एकोणिसाव्या शतकात लंडनचं पाणी खाजगी कंपन्यांच्या हातात होतं. इंग्लंडचा हिवाळा एरवी ओला आणि बेताचा. त्यामुळे नळ उथळ खणून टाकले, घरात येणाऱ्या नळ्या आणि सांडपाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेले तरी वर्षानुवर्षं काही बिघडत नसे. बिघडलं ते फेब्रुवारी १८९५मध्ये. आठवडेच्या आठवडे कडाका टिकला, थंडी जमिनीत उतरली आणि रस्त्याखालचे नळ गोठले. पूर्व लंडनमधल्या गरीब वस्त्यांत घरातलं पाणी बंद झालं. रस्त्यावर उभे केलेल्या तात्पुरत्या नळांपाशी बायका-मुलं बादल्या घेऊन रांगेत. लोकांचा संताप असा, की पाणी मिळालं नाही तरी कंपनीची पाणीपट्टी चालूच. पुढची तीन-चार वर्षं तिथे पाण्याचे हाल होत राहिले, कधी थंडीने, कधी उन्हाळ्यातल्या टंचाईने, आणि त्या काळाला लोकांनी 'पाण्याचा दुष्काळ' असंच नाव दिलं. शेवटी १९०२च्या कायद्याने कंपन्या गेल्या आणि लंडनचं पाणी सार्वजनिक मंडळाकडे आलं. यामागे गोठलेला नळ एकटा नव्हता, पण त्याचा वाटा होता. आज ब्रिटनमध्ये पाण्याची नळी किमान ७५० मिलिमीटर खोल पुरावी लागते.

आता या इंग्रजांनी हिमालयात काय केलं ते पाहू.

सिमला १८६४ साली ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झाला. गाव कड्यावर वसलेलं, पाणी खाली दरीत. सुरुवातीला पाणी भिश्ती आणि खेचरं वाहून आणत. १८७५ साली ढली भागातल्या जंगलातल्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात आणलं गेलं. ती योजना सुमारे १६,००० माणसांसाठी होती. मग १९१४ साली चेड नाल्यावरून आणि १९२४ साली गुम्म्याहून, म्हणजे दरीच्या तळातून हजार मीटरहून जास्त उंची चढवून, पंपाने पाणी वर आणलं. सिमल्याला गेला असाल तर रिजवर तुम्ही नक्की फिरला असाल, चर्चसमोरचं ते ऐसपैस मैदान. त्या मैदानाच्या पोटात १८८०च्या सुमाराची पाण्याची प्रचंड टाकी आहे. पर्यटक आइस्क्रीम खात असतात आणि पायाखाली शहराचं पाणी असतं. ती टाकी गोठत नाही, कारण ती जमिनीच्या आत आहे आणि पाण्याचा साठा मोठा आहे. इंजिनियरांना विज्ञान येत होतं, याचा हा पुरावा.

मग घराघरातल्या नळ्या उघड्यावर का? सिमल्याच्या उतारावरच्या पायऱ्यांनी चालत जा. कठड्याला लागून लोखंडी नळ्यांच्या जुड्याच्या जुड्या खाली उतरताना दिसतात, वेलींसारख्या. दूरच्या मोठ्या नळावरून प्रत्येक घराने आपली स्वतंत्र नळी ओढून आणलेली. अर्धा इंच, पाऊण इंच, जमिनीच्या वर, वाऱ्यात.

खडकाळ उतारावर खणणं महाग, हे एक कारण. माझ्या मते दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ही सगळी व्यवस्था ज्यांच्यासाठी उभी राहिली ते लोक हिवाळ्यात तिथे नसायचे! व्हाइसरॉय, त्याचं मंडळ, सचिव, कारकून, फायलींच्या पेट्या, सगळं साधारण एप्रिलात वर यायचं आणि थंडी पडायच्या बेतात खाली कलकत्त्याला जायचं. १९१२नंतर दिल्लीला. पंजाब सरकारही १८७६पासून उन्हाळ्यात सिमल्याला आणि हिवाळ्यात लाहोरला. बंगले बंद होत. रिकाम्या बंगल्यातला नळ गोठला काय आणि न गोठला काय, साहेबाला त्याची झळ नाही. खाली उरत ते चौकीदार, दुकानदार, हमाल, भिश्ती आणि आसपासच्या गावांतली माणसं. त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या घरी तेव्हा नळ होता.

थोडक्यात, सिमल्याचा नळ उन्हाळ्यासाठी आला. नंतर उन्हाळी राजधानी गेली, १९४७ आलं, सिमला बारमाही शहर झालं, राज्याची राजधानी झालं. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ७० हजारांच्या घरात गेली. नळ मात्र त्याच विचाराने वाढत राहिला. घर वर चढलं की आणखी एक नळी भिंतीवरून वर. गच्चीवर काळी टाकी, टाकीपासून खाली उघडी नळी, आणि आता सौर बंब. तोही उघड्यावर.

एका जानेवारीत मी जुन्या कागदपत्रांच्या कामासाठी महिनाभर सिमल्यात भाड्याच्या खोलीत राहिलो होतो. घरमालकीणबाई सत्तरीच्या, पहाडी. पहिल्याच संध्याकाळी दार वाजवून त्यांनी एकच सूचना दिली, "बेटा, रात को टोंटी पूरी बंद मत करना. धागे जितना पानी चलने देना." धाग्याएवढं! तोटीखाली बादली ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत ती भरते आणि थेंबही वाया जात नाही. त्यांच्या घरात पाणी दोन दिवसांतून एकदा यायचं, त्यामुळे रात्रभर तोटी चालू ठेवणं हा त्यांच्या दृष्टीने हिशेबाचा मामला होता. टाकीत किती आहे ते पाहून त्या धागा जाड-बारीक करत.

या धाग्यामागे पक्कं शास्त्र आहे. पाणी शून्य अंशाला आलं की लगेच बर्फ होत नाही. बर्फ होताना त्याला खूप उष्णता बाहेर टाकावी लागते. एक लिटर पाणी गोठताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात शून्य अंशाचं एक लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापेल. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६०च्या दशकात ही गोष्ट मोजून दाखवली. म्हणून नळी गोठायला तास लागतात. पण नळीत पाणी असतं किती? अर्ध्या इंची नळीच्या एका मीटरमध्ये पेलाभर. तेवढ्या पाण्याची उष्णता पहाटेपर्यंत संपते. धागा चालू असला की जमिनीतल्या किंवा टाकीतल्या जरा उबदार पाण्याची नवी उष्णता येत राहते. आणि गोठलंच, तरी तोटी उघडी असल्याने अडकलेल्या पाण्याला सुटायला वाट राहते. म्हणजे नळ बंद पडेल, पण फुटणार नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांचा निष्कर्षही हाच होता. बंदिस्त माळ्यावरच्या उघड्या नळ्यांना बाहेर उणे ७ अंशांच्या आसपास धोका सुरू होतो, आणि तोटी थोडी चालू ठेवणं हा खरा बचाव असतो. थेट वारा लागणारी नळी त्याच्या कितीतरी आधी धरते. सिमल्यात बर्फ पडताना नळ सहसा शाबूत असतात. बर्फानंतर आकाश निरभ्र झालं, की त्या रात्री प्लंबरचा फोन लागत नाही.

जाता जाता, प्लंबर हा शब्द लॅटिन 'प्लंबम'वरून आला, म्हणजे शिसं. जुन्या नळ्या शिशाच्या असत. शिसं मऊ, गोठलं की नळी फुगायची, दोन-तीन हिवाळे ताणून घ्यायची आणि मग फुटायची. जस्त चढवलेली लोखंडी नळी ताणून घेत नाही, सरळ चिरते. आजची काळी एचडीपीईची नळी पुन्हा ताणली जाते, म्हणून डोंगरात ती लोकप्रिय झाली.

सिमल्यासारखंच गणित अगदी वेगळ्या देशात दिसतं. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासात कडाक्याची थंडी आली. तिथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, नळ्या माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीत. वीज गेली, घरं थंड पडली, नळ्या फुटल्या, आणि पाणी उकळून पिण्याची सूचना दीड कोटीच्या आसपास लोकांना गेली. त्या वादळातले अधिकृत मृत्यू २४६. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी त्या आठवड्यात संडासात टाकायला अंगणातला बर्फ बादलीने आत आणला. उलट मिनेसोटात, जिथे थंडी दुप्पट, तिथे पाण्याचे मोठे नळ सात-आठ फूट खोल असतात. सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये जमीनच कायमची गोठलेली. तिथे नळ जमिनीवरून, जाड गुंडाळीत, गरम पाण्याच्या नळांच्या सोबतीने जातात. थंडी किती, यापेक्षा घर बांधणाऱ्याने हिवाळा धरला होता का, हे पाहावं लागतं.

आता नळ येण्याआधी डोंगरातले लोक काय करत होते ते पाहू. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

हिमाचलात गावोगाव बावडी असते. आपल्या बारवेचं लहान भावंड म्हणा. दगडी कोनाडा, कुठे वर छोटं छप्पर, बाजूला कोरलेल्या मूर्ती, आणि आत झऱ्याचं पाणी. जमिनीच्या पोटातून येणारं हे पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचं असतं. त्यामुळे उन्हाळ्यात ते थंडगार लागतं आणि जानेवारीत हात बुडवला तर कोमट वाटतं, पहाटे त्याच्यावर वाफही दिसते. बावडी गोठत नाही. तिच्यापाशी पाणी आणायला जाणारी बाई मात्र गोठलेल्या पायवाटेवरून जाते, घसरते, पडते, हेही सांगायला हवं. जुन्या व्यवस्थेचं कौतुक करताना हंडा कोणाच्या डोक्यावर होता हे विसरून चालत नाही. नळ आला तेव्हा बायकांना तो हवाच होता. फक्त झालं असं, की नळ आल्यावर बावड्यांकडे दुर्लक्ष झालं, वरच्या उतारावर घरं झाली, सांडपाणी झिरपलं. आज सिमल्यात नळ गोठल्यावर माणसं ज्या बावडीकडे वळतात, तिचं पाणी पिण्यालायक आहे की नाही हे आधी तपासावं लागतं.

काश्मीरमध्ये झेलमच्या काठी यारबल होते, म्हणजे पाणी भरायचे घाट. गावातल्या बातम्या तिथेच कळायच्या. काश्मीरच्या हिवाळ्याला स्वतःचं पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. चिल्ला म्हणजे फारसीतलं चाळीस, आपल्या चाळीसचंच दूरचं नातलग. छपरावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांना काश्मिरीत शिशरगांठ म्हणतात. शिशिराची गाठ! हा शब्द ऐकल्यावर मला वाटलं, हा तर आपल्या आजीच्या तोंडचा शब्द.

श्रीनगरलाही नळ आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. १८९२च्या कॉलऱ्याने शहराचं अतोनात नुकसान केलं, आणि महाराजा प्रतापसिंगांच्या काळात हारवनच्या तलावाचं स्वच्छ पाणी नळाने शहरात आणलं गेलं. तेव्हा हा नळ जीव वाचवणारा होता, यात शंका नाही. पण दरबार? १८७२ साली महाराजा रणबीरसिंगांनी सुरू केलेल्या प्रथेप्रमाणे दरबार उन्हाळ्यात श्रीनगरला आणि हिवाळ्यात जम्मूला. जवळजवळ दीडशे वर्षं सरकार चिल्लई कलानच्या आधी घाट उतरून जात राहिलं. मंत्री, सचिव, फायली, सगळं खाली. पुन्हा तेच. निर्णय घेणारा माणूस ज्या ऋतूत गावात नाही, त्या ऋतूची नळीला सवय कशी होणार? पाणीखात्याचे स्थानिक कर्मचारी थांबत, राबत. पण पैसा आणि आराखडा ज्यांच्या हातात, ते उन्हात बसलेले.

श्रीनगरचं किमान तापमान २१ डिसेंबर २०२४ला उणे ८.५ होतं, डिसेंबरसाठी गेल्या पन्नास वर्षांतलं सगळ्यात कमी. अशा सकाळी गल्लीत काय दिसतं? नळीखाली कागद, गवत किंवा लाकडाच्या ढलप्या पेटवलेल्या, आणि घरातलं कोणीतरी उकिडवं बसून तोटीकडे पाहत असलेलं. कोणी कांगडीतले निखारे नळीला लावतं. यातून पाणी सुटतं खरं, पण यातूनच नळ्या फुटतात आणि घरांना आगीही लागतात. काश्मिरी घरांत लाकूड भरपूर, हे लक्षात घ्या.

म्हणून, आता थोडं व्यवहाराचं. नळ गोठला तर आधी तोटी उघडा, मग मेन कॉक कुठे आहे ते पाहून ठेवा, कारण बर्फ सुटल्यावर चीर असली तर पाणी तिथूनच उडणार. ऊब तोटीच्या बाजूने द्यायला सुरुवात करा आणि मागे मागे जा. मधेच तापवलंत तर वितळलेलं पाणी आणि वाफ दोन्हीकडून बर्फात अडकते आणि नळी तिथेच फाटते. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं गुंडाळा, ते निवलं की बदला. वीज असेल तर केस वाळवायचं यंत्र चालतं. ज्योत नको, ना कागदाची, ना गॅसची. गीझरला पाणी येत नसेल तर तो चालू करू नका. आणि कडाका यायच्या आधी नळीला गोणपाट गुंडाळायचा असेल तर त्यावर प्लास्टिक बांधा. ओला गोणपाट नळीला आणखी थंड करतो. पण गुंडाळी म्हणजे गोधडी नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. आपल्या अंगात उष्णता तयार होते, म्हणून गोधडीत ऊब येते. नळीत काही तयार होत नाही. गुंडाळीने गोठायला फक्त उशीर होतो. पहाटेपर्यंत उशीर झाला तर काम झालं. चार दिवस ऊन पडलं नाही तर गुंडाळीतही बर्फ होतो.

आता लेह. ज्या पत्रापासून सुरुवात केली ते पत्र तिथलंच.

समुद्रसपाटीपासून ३,५०० मीटर. जानेवारीच्या रात्री उणे १५, उणे २०. जुन्या लडाखी घराने या थंडीशी वाद घातला नाही, पाण्याला घरात फिरवलंच नाही. हिवाळ्यात सगळं कुटुंब एका स्वयंपाकघरात, चुलीभोवती. पाणी तिथेच, तांब्याच्या मोठ्या भांड्यात. आपल्याकडे न्हाणीघरात बंब असायचा आणि त्याच्याभोवती सकाळ फिरायची, तसं तिथे हे भांडं. संडास वरच्या मजल्यावर, कोरडा. भोकातून खाली, वर माती आणि राख, वसंतात त्याचं खत शेतात. त्यात पाणी नाही, म्हणून गोठायला काही नाही. शेताच्या पाण्याची वाटणी चुरपोन नावाचा गावाने नेमलेला माणूस पाहायचा, आणि कालवे हिवाळ्यात शांत पडून राहायचे. पाणी आणायला ओढ्यावर बर्फ फोडावा लागे, झऱ्यावर लांब चालावं लागे, आणि हे काम बहुतेक बायकांचं. ते कष्ट खरेच होते. पण घर गोठत नव्हतं.

१९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुलं झालं. पाहुण्यांना हवा फ्लशचा संडास, शॉवर, गरम पाण्याची तोटी. अतिथिगृहं बांधली गेली ती जून ते सप्टेंबरच्या हिशेबाने. सिमल्याचा साहेब गेला आणि त्याच्या जागी उन्हाळी पाहुणा आला, एवढाच फरक. ऑक्टोबर सरता सरता बहुतेक हॉटेलं बंद होतात. हिवाळ्यात तुम्ही चादरच्या वाटेला, म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायला गेलात (पुण्या-मुंबईचे पुष्कळ जण जातात), तर उघड्या असलेल्या हॉटेलात न्हाणीघर चकचकीत असतं, तोटी परदेशी असते, आणि पाणी बादलीतून येतं.

गावकऱ्यांसाठी हिवाळ्यात टँकर येतो, हातपंप असतात, झरे असतात. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनखाली लडाखमध्येही घरोघर नळ घालायचं काम सुरू झालं. इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर हिवाळा धरून विचार झालेला दिसतो. थंडी जमिनीत जिथवर उतरते त्याच्या खाली नळ पुरायचा, एचडीपीई वापरायची, वर येणाऱ्या तुकड्याला गुंडाळी करायची, तोटी घराच्या आतल्या उबदार भागात काढायची. हे काम सोपं नाही. जमीन दगडी, आणि खणता येतं ते जेमतेम सहा महिने. एके ठिकाणी हातभर उथळ राहिलं, तरी त्या एका जागेवर सगळ्या वस्तीचं पाणी अडतं. साखळीची कडी म्हणा. शेवटचा तुकडा, म्हणजे जमिनीतून वर येऊन भिंतीत शिरणारा हातभर नळ, हाच सगळ्यात नाजूक.

त्या सातारकर बाईंच्या पुढच्या पत्रात एक बारकावा होता, तो सांगतो. त्यांच्या वस्तीतले लोक थंडीच्या तोंडावर नळाची सगळ्यात खालची तोटी उघडून पूर्ण नळी रिकामी करतात आणि वरच्या सगळ्या तोट्या वसंतापर्यंत उघड्या ठेवतात. रिकाम्या नळीत गोठायला काही नसतं. कोणाच्या घरी एखादं वळण खाली झुकलेलं असलं की तिथे ओंजळभर पाणी राहून जातं, आणि तेवढंच पुरतं. एप्रिलात पाणी सोडलं की कुठल्या भिंतीला ओल येते त्यावरून ते वळण सापडतं. मग दुरुस्तीला माणूस शोधायचा. लेहमध्ये बांधकामावर राबणारे कारागीर आणि मजूर बरेचसे बिहार, झारखंड, नेपाळकडचे. तेही थंडीच्या आधी गाव सोडतात, आणि घाट उघडले की परत येतात.